जाळ नाही, धूर नाही

शिरोलीच्या रस्त्याला लागून आमची प्रयोगशाळा:
पत्र्याचं छप्पर, एका सिलिंडरचं इंजिन,
बाकी सगळं उसनं.
डायनामीटर एका फौंड्रीवाल्याचा,
स्मोक मीटर पुण्याहून, परत द्यायच्या बोलीवर,
आणि इस्माईल मुजावर मिस्त्री उद्यमनगरातून,
रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून.

पहाटे तेरा अंश.
बरणीतलं करंजाचं तेल गढुळलेलं,
साय धरू लागलेलं.
स्वेटरच्या आत बरणी घेऊन बसले दहा मिनिटं.
प्रबंधाच्या कुठल्याच पानावर
हे लिहिता येणार नाही.

करंज वीस टक्के.
मळीचं इथेनॉल तीस, हवेच्या वाटेनं.
उरलं ते डिझेल,
घरातलं जुनं माणूस,
त्याला विचारल्याशिवाय अजून काही हलत नाही.

मिस्त्रींना काल सांगितलं होतं:
ठिणगी नाही, ज्योत नाही,
आग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळत जात नाही.
सगळी वाफ एकाच क्षणी, सगळीकडं पेटते.
थंड.
"थंड म्हंजे किती?"
सोळाशे अंश.
ते हसले तेव्हा खालचा एकुलता दात दिसला.
"मगदूमबाई, ह्याला थंड म्हंता?
चाळीस वर्सं ऑइल इंजिनं बांधली,
आमचं माप एकच, जाळ अन् धूर संगटच!
धूर दिसला न्हाई तर गिऱ्हाईक इचारायचं,
इंजिन चालू हाय न्हवं?"

सुरू केलं.
पडद्यावर दाबाची रेघ
जोतिबाच्या डोंगरासारखी चढायला हवी,
ती चढायची, मध्येच बसायची,
पुन्हा उठायची.
"दर तिसरा ठोका गिळतंय,"
मिस्त्री म्हणाले. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला,
मूठ कानाला.
संगणकाला तेच सांगायला आणखी शंभर फेरे लागले.

हवा तापवली.
इथेनॉल पाच टक्क्यांनी खाली.
मागं फिरवलेल्या धुराची झडप अर्धी उघडली.
आपलाच सोडलेला श्वास थोडा परत घ्यायचा,
म्हणजे माथं भडकत नाही.
हे मी म्हटलं की मिस्त्रींनी, आता आठवत नाही.

आणि मग आवाज बदलला.
गुऱ्हाळात काहील उकळून उकळून
शेवटी जाड होते,
धप्, धप्, मऊ,
आणि गुळव्या कुणालाही न विचारता
"उतरा" म्हणतो,
तसा.

मीटरमधून कागद काढला.
रुपयाएवढा गोल. पांढरा.
मिस्त्रींनी दारात नेऊन उजेडात धरला,
उलटा केला, अंगठ्यानं घासला.
"धूर कुठं गेला?"

इथंच थांबता आलं असतं मला.
पण दुसऱ्या मीटरवर
कार्बन मोनॉक्साइड चढत होता,
न जळलेल्या इंधनाचा आकडाही.
तेही सांगितलं.

बराच वेळ इंजिनच बोलत राहिलं.
"उद्यमनगरात असताना," मिस्त्री म्हणाले,
"जुम्म्याला वजू करताना
नाकातनं काळं पानी यायचं.
बायको म्हनायची, निदान कळतंय तरी
काय आत गेलंय त्ये.
ह्यात काळं बी न्हाई."

सात वाजले. समोरच्या चहावाल्यानं शटर वर केलं.
मी नोंदवही उघडली, कागद चिकटवायला
डिंक शोधला.
मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली,
त्या पांढऱ्या गोलावर, अगदी कडेला,
मोडक्या अक्षरात लिहिलं:
वास हाय.

तसाच चिकटवला.
खाली तारीख, वीस-पंचवीस, तापमान.
शेऱ्याच्या रकान्यात
यापेक्षा नेमकं मला काही सुचलं नाही.